ओट्याखालची उकड : तुंबलेले सिंक घरच्या घरी कसे मोकळे करावे

सिंक तुंबले की आपल्याकडे पहिला हात जातो तो गॅसवर आधण ठेवायला. मीही तेच केले होते. भोगीचा दिवस होता, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी गावाकडून पाहुणे आले होते, सकाळपासून बाजरीच्या आणि ज्वारीच्या भाकऱ्या थापून झाल्या होत्या, आणि दुपारची जेवणे उरकल्यावर सिंकमध्ये पाणी जे थांबले ते खाली जाईना. मी पातेलेभर उकळते पाणी ओतले, पंधरा मिनिटांनी आणखी एक पातेले ओतले. त्यानंतर आधी निदान थेंब थेंब जाणारे पाणी तेवढेही जायचे थांबले. मंगळवेढ्याकडच्या माझ्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे सारे पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, पिठावर आधण वतलंस तर उकडच हुणार की."

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा स्वतःचा चिवटपणा नसतो, म्हणून तर आपण भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळतो. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि त्याची खळ होते. परातीत जे व्हावे म्हणून आपण धडपडतो, तेच मी ओट्याखालच्या नळीत घडवून आणले होते. नंतर नळी उघडली तेव्हा तिच्या वळणात करड्या रंगाचा, बोटाने दाबला तर खळगा पडेल असा गोळा बसलेला होता, आणि भोगीच्या भाकरीला तीळ लावावेत तसे शेंगदाण्याच्या कुटाचे कण त्यात रुतलेले होते.

तेव्हापासून मी एक क्रम पाळते. सिंकमध्ये काय अडकले आहे आणि कुठे अडकले आहे, हे आधी ठरवावे व उपाय त्यानंतर निवडावा. पिठाचा बोळा दाबाने किंवा सरळ हाताने निघतो, तुपाचा थर उष्णतेने निघतो. या दोन उपायांची अदलाबदल केली की काम दुप्पट वाढते.

सोलापूरच्या स्वयंपाकघरातून नळीत काय काय जाते, याचा विचार केला तर अडथळ्याचे स्वरूप लक्षात येते. परात धुतलेले पिठाचे पाणी रोज जाते. शेंगाचटणीच्या आणि कुटाच्या भांड्यांतले तेलकट कण जातात. तूप आणि डालडा नळीच्या आतल्या बाजूला थरासारखे बसतात. शेंगतेल आपल्या हवेत बाराही महिने पातळच राहते, त्यामुळे ते स्वतः फारसे गोठत नाही. पण तूप ३० ते ३५ अंशांच्या खाली घट्ट होऊ लागते, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळाचे पाणी हाताला गार लागते तेव्हा खरकट्या ताटातले तूप वेस्ट पाइपच्या पहिल्याच वळणावर थिजते. त्या थराला पीठ चिकटते, पिठात कूट रुततो, आणि गवंडी सिमेंट, वाळू व खडी कालवतो त्याचीच ही घरगुती आवृत्ती तयार होते. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत आणखी एक भर पडते. जड पाण्यातील कॅल्शियम साबणाशी आणि स्निग्धांशाशी मिळून पांढुरका, न विरघळणारा साका करते, आणि तो साका नळीच्या भिंतीला धरून बसतो. ज्या घरांत वॉशिंग मशीनचे पाणीही याच नळीत सोडलेले असते, तिथे नवी चादर किंवा नवा टॉवेल पहिल्यांदा धुतला की सुटणारे सूत या सगळ्याला काथ्यासारखे बांधून ठेवते. चहाचा चोथा आणि भात यांची नावे सगळेच घेतात, म्हणून मी त्यावर वेळ घालवत नाही.

यात पाण्याच्या टंचाईचाही वाटा आहे. उजनी धरणाचे पाणी शहराच्या अनेक भागांत रोज येत नाही. त्यामुळे मधल्या दिवसांत आपण टपात भांडी विसळतो, पाणी पुरवून वापरतो, आणि नळीतून जाणारा प्रवाह इतका बारीक असतो की तो गाळ पुढे ढकलत नाही, वाटेतच सोडून जातो. मग पाणी आलेल्या दिवशी सारी भांडी एकदम निघतात आणि त्या दिवशीच सिंक तुंबते. दुरुस्ती मात्र शक्यतो पाणी आलेल्या दिवशीच करावी, कारण काम झाल्यावर दोन बादल्या पाणी सोडून पाहिल्याशिवाय ते झाले की नाही हे कळत नाही.

अडथळा कुठे आहे, ते आधी पाहावे

हातात कोणतेही हत्यार घेण्यापूर्वी पाच मिनिटे नुसती पाहणी करावी. स्वयंपाकघरात जमिनीलगत मोरी किंवा जाळी असेल तर तिच्यात एक तांब्या पाणी ओतावे. ते सुरळीत गेले तर दोष सिंकपासून त्या जाळीपर्यंतच्या टप्प्यातच आहे, आणि तो घरी निघण्यासारखा आहे. तिथेही पाणी थांबले, किंवा सिंकमध्ये पाणी सोडले की जाळीतून गुडगुड आवाज करत वर येऊ लागले, तर अडथळा दोन्ही वाटा एकत्र झाल्यानंतर पुढे आहे. स्वतंत्र घर असेल तर बाहेरच्या चेंबरचे झाकण उघडून पाहावे. चेंबर काठोकाठ भरलेला असेल तर दोष त्याच्याही पुढच्या नळीत आहे. चेंबर कोरडा असेल तर तो चेंबर आणि घर यांच्यामध्ये आहे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी : आपला नळ बंद असताना आपल्या सिंकमध्ये आपोआप पाणी वर येत असेल, तर ते वरच्या मजल्यावरचे पाणी आहे आणि इमारतीची उभी नळी तुंबली आहे. अशा वेळी आपल्या सिंकमध्ये कितीही सोडा ओतला तरी तो वाया जातो. शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या कार्यकारिणीला कळवणे हाच उपाय असतो, आणि नळी मोकळी होईपर्यंत वरच्या घरांनी पाणी सोडू नये, अशी विनंती आधी करावी.

दुसरी तपासणी ओट्याखाली करायची असते आणि मला ती सर्वांत उपयोगी वाटते. आपल्याकडे बहुतेक घरांत सिंकच्या तोंडाशी जाळीचे वेस्ट कपलिंग असते, त्याखाली बॉटल ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारी बाटलीसारखी वाटी, किंवा नुसताच चुण्यांचा वेस्ट पाइप असतो, आणि त्या पाइपचे शेवटचे टोक जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या नळीत सैलसर खोचून ठेवलेले असते. ओट्याखालचे डबे, बटाट्यांची टोपली आणि फिनेलच्या बाटल्या बाहेर काढाव्यात, पाइपखाली बादली ठेवावी आणि ते खोचलेले टोक हळूच वर ओढून बादलीत धरावे. सिंकमधले पाणी बादलीत भळाभळा आले तर सिंक आणि वेस्ट पाइप निर्दोष आहेत, अडथळा जमिनीतल्या नळीत आहे. पाणी आलेच नाही, किंवा मुतखड्याच्या रुग्णासारखे थांबत थांबत आले, तर अडथळा तुमच्या डोळ्यांसमोरच्या दोन फुटांत आहे. या एका कृतीने अर्ध्या घरांतली दुरुस्ती दहा मिनिटांवर येते.

पाण्याच्या फिल्टरची सांडपाण्याची बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली किंवा वेस्ट पाइपला भोक पाडून जोडलेली असेल, तर काम संपेपर्यंत फिल्टर बंद ठेवावा. ही गोष्ट हमखास विसरली जाते, आणि आपण ओट्याखाली मान घालून बसलेलो असताना फिल्टर सुरू होऊन त्याचे पाणी थेट बाहीत शिरते.

प्लंजर

रबरी वाटी आणि लाकडी दांडा असलेला पंप, ज्याला हार्डवेअरच्या दुकानात प्लंजर म्हणतात, तो घरात असावाच. सिंकसाठी सपाट काठाची वाटी घ्यावी. संडासासाठीचा, आत घडी असलेला प्लंजर सिंकच्या सपाट तळावर नीट बसत नाही, आणि तो असला तरी स्वयंपाकघरात आणू नये, हे सांगायला नको.

सिंकमध्ये पाणी काठापर्यंत भरलेले असेल तर तांब्याने उपसून बादलीत घ्यावे, पण सगळे काढू नये. रबरी वाटी बुडेल इतके, म्हणजे सुमारे तीन-चार इंच पाणी राहू द्यावे, कारण दाब पोहोचवायचे काम ते पाणी करते. कोरड्या सिंकवर पंप मारला तर फक्त हवा दबते. वरच्या बाजूला जास्तीचे पाणी जाण्यासाठी भोक असेल तर त्यात ओल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवावा. दोन भांड्यांचे सिंक असेल तर दुसऱ्या भांड्याचे तोंडही तसेच बंद करावे. खालचे खोचलेले टोक दाबाने उडून येऊ नये म्हणून त्याभोवती ओले फडके गुंडाळून घरातल्या कुणाला तरी ते धरून ठेवायला सांगावे. वाटीच्या काठाला थोडे व्हॅसलीन लावले तर पकड चांगली बसते.

आता वाटी तिरकी बुडवून आतली हवा बाहेर काढावी, मग सरळ करून तोंडावर बसवावी आणि पंधरा-वीस वेळा, वाटी उचलू न देता, वर-खाली करावी. येथे बहुतेकांची एक चूक होते : सारी ताकद दाबण्यात घालवली जाते. पिठाचा बोळा नुसता दाबला तर वळणात अधिकच घट्ट बसतो. तो सैल होतो तो मागे ओढण्याने. म्हणून दाबताना बेताचा जोर लावावा आणि ओढताना झटका द्यावा. शेवटच्या ओढीला वाटी एकदम उचलावी. पाणी भोवऱ्यासारखे फिरून खाली गेले तर अडथळा सुटला. सिंकमध्ये करडे पाणी आणि कुटाचे कण वर आले तरी घाबरू नये. बोळा फुटल्याची ती खूण असते. ते कण पुन्हा आत ढकलण्याऐवजी गाळणीने उचलून कचऱ्यात टाकावेत. तीन-चार फेऱ्यांनंतरही काहीच हालचाल झाली नाही तर हट्ट करू नये आणि ट्रॅप उघडावा.

ट्रॅप आणि चुण्यांचा पाइप उघडणे

बॉटल ट्रॅप म्हणजे सिंकखालची बाटलीच्या आकाराची ती वाटी. तिच्यात कायम थोडे पाणी साठून राहते, आणि गटाराचा वास व झुरळे यांना त्या पाण्यामुळे अटकाव होतो. जड वस्तू आणि पीठ याच वाटीच्या तळाशी बसतात, त्यामुळे ती उघडणे हा आडमार्ग नसून सरळ मार्ग आहे. हातमोजे घालावेत, खाली रुंद घमेले ठेवावे, कारण बादली ओट्याखाली नेमकी त्या जागेत बसत नाही, आणि सिंकमधले उरलेले पाणी शक्य तेवढे उपसून घ्यावे.

वाटीचा खालचा भाग हाताने फिरवून सुटतो. तुम्ही खालून वर पाहत असाल तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. हात सटकत असेल तर रबरी मोज्याची किंवा कोरड्या फडक्याची पकड घ्यावी. प्लास्टिकच्या ट्रॅपला लोखंडी पाना लावला तर आट्या तुटतात, आणि मग दहा मिनिटांच्या कामासाठी नवा ट्रॅप आणायला जावे लागते. वाटी सुटताच आतले पाणी आणि गाळ एकदम खाली येतो, त्यासाठी मनाची आणि घमेल्याची तयारी असावी. आत रबराचे गोल वॉशर असते. ते कोणत्या बाजूने बसले होते, हे पाहून ठेवावे किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. काम झाल्यावर सुरू होणाऱ्या गळतीचे कारण बहुधा उलटे बसवलेले किंवा गाळात हरवलेले वॉशर हेच असते.

वाटी, वॉशर आणि वरच्या भागात उतरलेली छोटी नळी जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ करावी. ही सफाई कुठे करावी, हे सांगणे हास्यास्पद वाटेल, पण सांगते : सवयीने आपण हातातली घाण वाटी वर उचलतो आणि सिंकमध्ये धरून नळ सोडतो, आणि खाली ट्रॅप नसल्यामुळे ते सारे पाणी आपल्याच पायांवर येते. माझ्याकडून हे एकदा नव्हे, दोनदा झाले आहे. सफाई अंगणात किंवा न्हाणीघरात करावी आणि गाळ कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकावा.

ट्रॅप नसून नुसता चुण्यांचा पाइप असेल तर तो वरच्या नटापासून सोडवून बाहेर न्यावा. या पाइपची प्रत्येक चुणी पीठ धरून ठेवते, आणि बाहेरून निरोगी दिसणारा पाइप आतून पेन्सिलीएवढाच उघडा उरलेला असू शकतो. तो ताणून लांब करावा, एक टोक हाताने बंद करून अर्धा भरेल इतके कोमट पाणी आणि चमचाभर भांड्यांचा साबण घालावा, दुसरे टोकही बंद करून खळखळून हलवावा आणि मोकळ्या जागेत ओतावा. तीन-चार वेळा केले की पाणी स्वच्छ येऊ लागते. पाइप कडक झाला असेल किंवा चुण्यांत चीर दिसत असेल तर स्वच्छ करत न बसता बदलावा. नवा घेताना जुना सोबत न्यावा, कारण ३२ मिलिमीटर आणि ४० मिलिमीटर अशी दोन मापे सर्रास मिळतात आणि नजरेच्या अंदाजाने आणलेले माप हटकून चुकते. बसवताना पाइपला पाळण्यासारखा झोळ देऊ नये. त्या झोळात पुढच्या आठवड्याचे पीठ साठू लागते. वास अडवण्यासाठी एक नीट वळण पुरते.

सारे पुन्हा बसवल्यावर आट्या हाताने घट्ट कराव्यात, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरावे, सिंकमध्ये अर्धी बादली पाणी साठवून एकदम सोडावे आणि कागदावर ओला ठिपका पडतो का, हे पाहावे. बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही, पण वर्तमानपत्र ती लगेच दाखवते.

जमिनीतली नळी

वेस्ट पाइप निर्दोष आहे असे तपासणीत ठरले असेल तर काम जमिनीतल्या नळीत आहे. आधी मोरीची जाळी उचलावी. तिच्याखाली नहाणी ट्रॅप असतो आणि त्यात एक उलटी वाटी बसवलेली असते. ती वाटी वर काढावी, मोजे घातलेल्या हाताने तळाचा गाळ काढावा आणि वाटी न विसरता परत बसवावी. पुष्कळ घरांत पाणी लवकर जावे म्हणून ही वाटी कायमची काढून टाकलेली आढळते, आणि मग ती माणसे झुरळांवर औषध मारत बसतात. वाटीभोवतीचे सुमारे दोन इंच पाणी हाच वासाला आणि किड्यांना असलेला बांध असतो.

त्यापुढचा अडथळा काढायला स्प्रिंगची तार वापरावी. हार्डवेअरच्या दुकानात तीन ते पाच मीटर लांबीची, हाताने फिरवायची तार मिळते. ती नळीत सरकवावी, अडेल तिथे जोराने न रेटता एकाच दिशेने फिरवत राहावी, टोकात काही अडकल्याचे जाणवले की फिरवतच मागे घ्यावी, आणि बाहेर येणारा बोळा फडक्याने पुसत जावा. सूत किंवा केस असतील तर ते याच पद्धतीने निघतात, दुसऱ्या कशाने निघत नाहीत. स्लॅबची सळई, छत्रीची काडी, पडद्याचा गज असल्या वस्तू घालू नयेत. त्यांनी पीव्हीसीच्या कोपराला भोक पडते, आणि ते भोक महिन्याभराने खालच्या घराच्या छतावर ओल होऊन प्रकट होते.

गरम पाणी, सोडा आणि बाटलीतली औषधे

इतके होईपर्यंत गरम पाण्याची वेळ आलेली नव्हती, ती आता येते. पाणी मोकळे जाऊ लागले आहे पण संथ जाते आहे, म्हणजे बोळा निघाला आणि भिंतीवरचा तुपाचा थर उरला आहे. त्यासाठी पाणी तूप वितळवण्याइतके गरम हवे, पिठाची खळ होण्याइतके नको, आणि नळी मऊ पडण्याइतकेही नको. पीव्हीसीची साधी नळी ७५-८० अंशांच्या पुढे मऊ होऊ लागते आणि तिचे सांधे ढिले पडतात. थर्मामीटर घेऊन बसण्याची गरज नाही. एक तांब्या उकळते पाणी आणि एक तांब्या साधे पाणी एकत्र केले की तापमान साधारण ६० ते ६५ अंश येते, आणि आपल्याला नेमके तेवढेच हवे असते. आधी दोन चमचे भांड्यांचा द्रव साबण तोंडाशी ओतावा, मग हे समसमान मिसळलेले पाणी एकदम न ओतता तांब्या-तांब्याने पाच-सहा वेळा ओतावे. चिकटपणा जुना असेल तर त्या पाण्यात अर्धी वाटी धुण्याचा सोडा विरघळवून घ्यावा. तो स्निग्धांश सोडवतो, पण हातांना लागू देऊ नये.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा उपाय आता घरोघरी पोहोचला आहे. फेस छान येतो, सिंकचा वासही कमी होतो. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि मागे जवळपास खारट पाणी उरते. घट्ट बसलेल्या पिठावर त्याचा काही परिणाम होत नाही. लिंबाच्या सालींचेही तेच. शिवाय साली आत गेल्या तर त्या स्वतःच अडथळा होतात.

बाजारात मिळणाऱ्या नळी साफ करायच्या पावडरींत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो तुपावर चालतो, कारण तो तुपाचा साबण करतो. पण पाणी लागताच तो प्रचंड तापतो, ॲल्युमिनियमला खातो, आणि नळी पूर्ण बंद असेल तर पुढे न जाता तिथेच साचून दगडासारखा घट्ट होऊ शकतो. म्हणून पूर्ण तुंबलेल्या सिंकमध्ये तो टाकू नये, आणि टाकलाच असेल तर त्यानंतर प्लंजर मारू नये, कारण उडणारा एक थेंब डोळ्याला कायमची इजा करू शकतो. तसे झालेच तर डोळा वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान वीस मिनिटे धुवावा आणि तसेच दवाखाना गाठावा. कॉस्टिक ओतल्यावर ॲसिड, किंवा ॲसिडचा टॉयलेट क्लीनर ओतल्यावर ब्लीच, असे एकामागून एक काहीही ओतू नये. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. प्लंबरला बोलावण्याआधी असे काही ओतले असेल तर तो ओट्याखाली वाकण्यापूर्वी त्याला सांगावे. त्याचा चेहरा नेमका त्याच नळीखाली येणार असतो.

बाहेरच्या चेंबरपुढे अडथळा असेल, दर महिन्याला सिंक तुंबत असेल, किंवा जुन्या पेठेतील घरात जमिनीखाली मातीच्या भाजक्या नळ्या असून सांध्यांतून झाडाची मुळे आत आल्याची शंका असेल, तर काम जाणकाराकडे सोपवावे. रस्त्यावरच्या ड्रेनेज लाइनची तक्रार महापालिकेच्या विभागीय कार्यालयात करावी. सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात कोणाही माणसाला उतरवू नये. तिथल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि अशी धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

परातीचे पाणी

आमच्या घरात त्या भोगीनंतर एकच सवय बदलली. भाकऱ्या झाल्या की परात लगेच नळाखाली धरायची नाही. ती ओट्याच्या कडेला उलथन्यासकट तशीच ठेवायची. सोलापूरच्या हवेत तासा-दोन तासांत पीठ वाळून त्याचे पापुद्रे सुटतात, आणि ते उलथन्याने खरवडून कोरड्या कचऱ्यासारखे काढता येतात. उरलेले विसळलेले पाणी पूर्वी गोठ्यात म्हशीपुढे जायचे. आता गोठा नाही, तर ते गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीला घालते, मात्र पिठात मीठ घातलेले नसेल तरच. शेंगाचटणीचे आणि तुपाचे भांडे विसळण्यापूर्वी वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून घेते. सिंकच्या तोंडाशी बारीक भोकांची स्टीलची जाळी ठेवली आहे, आणि पाणी आलेल्या दिवशी रात्री झोपण्यापूर्वी सिंकचे तोंड बंद करून ते अर्धे भरते, मग एकदम उघडते. आठवडाभर थेंब थेंब वाहिलेल्या नळीतून तेवढा एक लोंढा गेला की पाणी जाताना घशातल्यासारखा घळघळ आवाज येतो. तो आवाज आला नाही, तर सकाळी भाकऱ्या थापण्याआधी ट्रॅपची वाटी उघडून पाहते.